माळ्यावरची भिंत

आई छत्रीखाली शंकरपाळे तळत होती.

चुलीपासून हातभर अंतरावर ती पाटावर बसली होती. छत्रीचा दांडा मागच्या मांडणीला सुतळीने करकचून बांधलेला, आणि त्या काळ्या घुमटाखाली कढई, परात, झारा असा सगळा सरंजाम. मी दिवाळीच्या सुट्टीसाठी कोल्हापूरहून नुकती आले होते. पिशवी खांद्यावरच राहिली.

"हे काय गं आई?"

"आलीस? पाय धू आधी. आणि ओढणी डोक्यावरून घे, वरून प्रसाद पडतो."

तेवढ्यात छत्रीवर टप् असा बारीक आवाज झाला आणि तांदळाएवढा एक काळा दाणा घरंगळत जमिनीवर आला. मी वर पाहिलं. फळ्यांच्या तक्तपोशीच्या फटींतून एक उग्र, ओलसर दर्प खाली उतरत होता, आणि त्याच्यासोबत एक अस्पष्ट चुळबुळ. कुणी तरी झोपेत कूस बदलावी तशी.

"उंदीर?"

"उंदीर परवडले. पाकोळ्या आहेत. वाघळांचीच धाकटी जात. श्रावणापासून मुक्काम आहे." आईने झाऱ्यातलं तेल निथळू दिलं. "खा एक. छत्रीखालचे आहेत, स्वच्छ आहेत."

आमची वसाहत धरणाच्या पायथ्याशी होती. धरण बांधायला माणसं आली तेव्हा क्वार्टर्स उठल्या, बाजार भरू लागला, शाळा निघाली. धरण पुरं झालं आणि माणसं पुढच्या धरणाकडे निघून गेली. मागे राहिली कौलारू जोडघरांची एक लांबलचक ओळ, रिकाम्या खिडक्यांतून एकमेकींकडे पाहत बसलेली. आमच्या जोडीला मुल्लांचं घर होतं. तेही दोन वर्षांपूर्वी गेले. अण्णा, माझे वडील, तिथे शाखा अभियंता होते. बदलीची वेळ आली की ते वरच्या साहेबांना भेटत आणि ती टाळून परत येत. आई वसाहतीच्या शाळेत शिकवायची. त्या जूनमध्ये शाळेत यायला मुलंच उरली नाहीत, आणि दाराला कुलूप लागलं.

"साताऱ्याच्या एका शाळेनं विचारलंय," आई म्हणाली. तिची नजर कढईत होती. "दिवाळीनंतर रुजू व्हा म्हणतात. राहायला खोलीसुद्धा देतायत."

"आणि अण्णा?"

"अण्णांना धरण आहे."

"तू जाणार?"

"आधी हे घर नीट होऊ दे. या घाणीत मला काही सुचत नाही."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि नव्या कवितेने झपाटलेली. काळोख, पंख, पोकळी हे शब्द मी इतक्या सहज वापरत असे, की ते खरोखरच डोक्यावर लटकलेले पाहून मला आधी हर्षच झाला. पण आईचं ते वाक्य ऐकलं आणि मी एका क्षणात व्यवहारी झाले. हिशेब साधा होता. आई या घाणीला विटली आहे. पाकोळ्या गेल्या, घर पुन्हा घर झालं, की साताऱ्याचं नाव ती काढणार नाही. मला माझं घर एकाच गावी हवं होतं. मी ओढणी कमरेला खोचली.

वसाहतीचा चौकीदार जानबा आमचा सेनापती झाला. त्याच्याकडे प्रत्येक संकटावर तीन उपाय असत आणि तिन्ही त्याच्या मेव्हण्याने कुठे तरी करून पाहिलेले असत.

"ताईसाब, क्यास बांदून वर जावा बरं का. वाघूळ केसात शिरलं की सुटत न्हाई. माज्या मेव्हणीचं मुंडण करावं लागलं."

"परवा मेव्हणा म्हणत होतास, जानबा."

"त्येचं बी केलं. दोगांचं."

"मग तुझ्या मेव्हण्याच्या टकलाचं कारण हे होय!" आई शिडीवरून म्हणाली, आणि जानबा स्वतःही खो खो हसला.

आम्ही कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला. त्या धुराने आम्ही तिघंही खोकत अंगणात आलो आणि पाकोळ्या वर निवांत राहिल्या. डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या टांगल्या. घराला नुसता जुन्या ट्रंकेचा वास येऊ लागला. माळ्यावर जळता दिवा सोडला, तर त्या एका तुळईच्या सावलीत सरकल्या आणि तिथे गर्दी करून बसल्या. तक्तपोशीतल्या झडपेतून डोकं वर काढून मी बॅटरी मारत असे. छपराच्या लाकडी कैच्यांच्या सापळ्यात तो उजेड अडकून पडे. जवळची लहान लहान, मिटलेली, उलटी शरीरं दिसत. त्यांच्यापलीकडे नुसता अंधार. पुढे जाण्याची सोय नव्हती, फळ्या वजन पेलणाऱ्या नव्हत्या.

मग आईने तिची पद्धत काढली. दिवस मावळला की पाकोळ्या बाहेर पडतात. त्या बाहेर असतानाच आपल्या बाजूची सगळी भोकं बुजवायची. आम्ही गोणपाटाचे बोळे डांबरात बुडवून ठेवले आणि अंगणात वाट पाहत उभ्या राहिलो. अण्णा त्याच सुमारास धरणावरून परतले. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि आमच्या शेजारी येऊन उभे राहिले.

आधी एक सुटली. मग दोन-तीन. मग वळचणीखालून जणू कुणी मूठ उघडली, आणि काळ्या ठिपक्यांची एक धार धरणाच्या भिंतीकडे, पाण्याकडे वाहत गेली. आवाज काहीच नाही. फक्त हवेला बारीक सुरकुत्या पडल्यासारखं वाटलं.

"काय सुरेख सुटतात," अण्णा म्हणाले.

"तुम्हांला सुरेख. भांडी मी घासते," आई म्हणाली. "शिडी धरा."

अण्णांनी शिडी धरली. आई चढली आणि वळचणीची एक-एक फट बुजवत ओळीने सरकत गेली. ती सांगेल तिथे अण्णा शिडी हलवत, मागेल तो बोळा वर देत. गळक्या नळाकडे पाहून ज्यांना जेवण जात नसे, त्या माणसाने या कामात स्वतःहून एक शब्दही सुचवला नाही, हे मला जाणवलं; पण मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्तपोशीतून तीच चुळबुळ ऐकू आली.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा फटी शोधल्या. आईने त्रिकोणी भिंतीतला झरोका जाळीने बंद केला, सरकलेली कौलं बसवली. पुन्हा सकाळ, पुन्हा चुळबुळ. आईच्या बोटांची सालं निघाली होती. जानबाने जाहीर केलं की ही मंतरलेली जात आहे. मधल्या काळात त्याने आईच्या सांगण्यावरून चुन्याचं पोतं आणून पडवीत टाकलं होतं.

"चुना कधी लावायचा, बाई?"

"वरून पडायचं थांबलं की त्याच दिवशी. स्वयंपाकघरापासून सुरुवात."

साताऱ्याहून, जानबाच्या चौकीतल्या फोनवर, निरोप आला होता: सोमवारी शाळा उघडते, तोवर या, नाही तर दुसरी बाई बघावी लागेल. आईने तो निरोप ऐकून घेतला आणि पुन्हा डांबर गरम करायला ठेवलं. माझा जीव हलका झाला. वाटलं, हिला आता त्या निरोपाचं काही उरलेलं नाही. ही या घराच्या बाजूने लढते आहे.

शुक्रवारी दुपारी माझ्या मनात आलं की छपराची पलीकडली बाजू आपण पाहिलेलीच नाही. जानबाकडून मुल्लांच्या घराची किल्ली घेतली. आत कॅलेंडरच्या खिळ्याखाली भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या झडपेला जानबाने शिडी लावली, मी वर गेले आणि बॅटरी न लावताच थांबले. त्यांच्या बाजूची बरीच कौलं फुटली होती. वरून ऊन येत होतं. आणि समोर, जिथे दोन घरांमधली भिंत असायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं. भिंत तक्तपोशीच्या उंचीला येऊन संपली होती. तिच्यावरून थेट आमच्या माळ्यापर्यंत एकच सलग पोकळी गेली होती. फळ्यांच्या फटींतून आमच्या स्वयंपाकघराचा उजेड रेघारेघांनी वर येत होता आणि आई स्वतःशीच मोठ्याने म्हणत होती, "मीठ बघून घालायला हवं, मागच्या वेळी खारट झालं होतं." माझीच आई, आमच्याच घरात, आणि मी तो आवाज दुसऱ्याच घराच्या छपराखालून ऐकत होते.

मी तडक धरणावर गेले. अण्णा भिंतीवरच्या रस्त्याने खालची गळती पाहत चालले होते.

"अण्णा, मधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नाही!"

"नाही गेलेली," ते म्हणाले.

"तुम्हांला माहीत होतं?"

"या क्वार्टर्स मीच बांधून घेतल्या, हेमा. तेव्हा घाई होती. माणसं तंबूत राहत होती, पाऊस तोंडावर आला होता. सगळ्या जोडघरांच्या भिंती तक्तपोशीला थांबवल्या. म्हटलं, वर कोण बघतंय."

"मग आम्ही आठवडाभर काय करतोय? त्या मुल्लांकडून आत येतायत!"

"येतात तिकडून. बसतात आपल्याकडे. दार तिकडचं आणि ऊब इकडची. वसाहतीत या ओळीला चूल पेटते ती तुझ्या आईचीच."

मला राग आला. "आणि तुम्ही नुसती शिडी धरून उभे राहिलात! आईला किती कंटाळा आलाय त्यांचा. या वाघळांपायी ती घर सोडून चाललीय, आणि तुम्हांला..."

अण्णांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले. खाली सांडव्याच्या कोरड्या दगडांवर बगळे बसले होते.

"वाघळांपायी ती चाललेली नाही," ते म्हणाले. "वाघळांपायी थांबलीय."

मी कठड्याला टेकले.

"पडवीतला चुना दिवाळीचा वाटला ना तुला? मुल्लाबाई गेल्या तेव्हा तू इथेच होतीस. आठव. त्यांनी आदल्या दिवशी काय केलं?"

मला आठवलं. मुल्लाबाईंनी स्वयंपाकघराला चुना लावला होता. आई त्यांच्या मदतीला गेली होती. त्यांच्याआधी गेलेल्या प्रत्येक बाईने तेच केलं होतं. ही कुणी घालून दिलेली नव्हे, बायकांनी आपापसांत धरलेली रीत होती: क्वार्टर सोडताना स्वयंपाकघर पांढरंशुभ्र करायचं, घागर भरून ठेवायची आणि मगच दाराबाहेर पाऊल टाकायचं. मागून येणाऱ्याला आपली काजळी मिळू नये. आई तर म्हणायची, घर टाकून जाते ती बाई नव्हे. घर लावून जावं.

"या घरात मागून कोण येणार?" मी विचारलं.

"मीच," अण्णा म्हणाले. आणि ते पुढे चालू लागले.

त्या संध्याकाळी आई पुन्हा शिडीवर होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. पाकोळ्यांची धार निघून गेली होती आणि आकाशात अजून थोडा पिवळेपणा उरला होता. तिने मागच्या बाजूच्या वळचणीला एक नवी फट शोधून काढली होती आणि त्या शोधाने ती इतकी खूश झाली होती, की परीक्षेत पहिल्या आलेल्या तिच्याच एखाद्या विद्यार्थिनीसारखी दिसत होती.

"हीच! हीच ती, हेमा. बघ, एवढीशी फट आणि सगळा आठवडा दमवलं. आज नाही येणार, बघा तुम्ही."

"इंदू," अण्णा म्हणाले.

"बोळा द्या."

"इंदू, खाली ये. भोकं बुजवून उपयोग नाही."

आईने खाली पाहिलं. अण्णांनी शिडी सोडलेली नव्हती. ते तिच्या पावलांकडे पाहत होते.

"मधली भिंत अर्धी आहे," ते म्हणाले. "ती पुरी करावी लागेल. मी करून देतो."

शनिवारी सकाळपासून आम्ही विटा आणल्या. वसाहतीत विटा एकाच जागी होत्या: शाळेच्या कुंपणाची जी बाजू पावसाळ्यात ढासळली होती, तिथे. जानबा आणि मी घमेल्यांनी वाहत होतो. आई त्यांना चिकटलेलं जुनं सिमेंट खरवडून काढत होती आणि एक-एक वीट पाण्यात बुडवत होती. अण्णा लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून माळ्यावर चढले आणि तुळईवर घोडेस्वारासारखे बसले. थापीचा पहिला ठोका पडला तशा पाकोळ्या फडफडत मुल्लांच्या बाजूला सरकल्या.

"साहेब, गवंडी आणू का खालच्या गावातनं?" जानबा खालून ओरडला. "माजा मेव्हणा..."

"तुझा मेव्हणा राहू दे," वरून आवाज आला. "ही माझी भिंत आहे."

रविवारी दिवस कलेपर्यंत भिंत आढ्याच्या जवळ आली. वर थोडी जागा मुद्दाम ठेवली होती. आमच्या बाजूला चुकार राहिलेल्या असतील, त्यांना निघून जाता यावं म्हणून. काळोख उतरू लागला तशा शेवटच्या काही तिथून पलीकडे गेल्या. मग आमच्या बाजूला काही हललं नाही. अण्णांनी बॅटरी फिरवून पाहिली आणि विटा मागितल्या. मी शिडीच्या पायथ्याशी घमेलं घेऊन, आई मधल्या पायरीवर, तिचे हात झडपेच्या अंधारात.

"तुम्हांला ठाऊक होतं," आई म्हणाली.

थापी थांबली. "हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मी तिथं हात सोलून घेत होते आणि तुम्ही शिडी धरून उभे होता."

"शिडी घट्ट धरली होती, इंदू."

आईला हसू आलं. ते तिने आवरायचा प्रयत्न केला आणि शिडी हलली. मी ती खालून धरली. वर वीट बसल्याचा, मग तिच्यावर थापीच्या मुठीचा आवाज झाला.

"तुम्ही चला ना," आई म्हणाली. आता तिचा आवाज खाली गेला होता. "अजून मागितलीत तर देतील बदली."

"आणि धरण?"

"ते कुठं पळून जातंय?"

"पळून जाऊ नये म्हणूनच कुणी तरी थांबायचं असतं."

"मला मुलं हवीत हो समोर. सकाळी उठून मी कुणाला शिकवू? या भिंतींना?"

वर थापी विटेवरून घासत गेली. मग अण्णा म्हणाले, "साताऱ्याला पाण्याचे हाल असतात म्हणे."

"भरून ठेवायची सवय आहे मला."

"ही पुरी झाली की तू जाणार."

"हो."

झडपेच्या चौकोनातून अण्णांचा हात खाली आला. सिमेंटने करडा झालेला, तळवा उघडा.

"मग दे," ते म्हणाले. "वीट दे."

ही वीट आईने पाण्यात बुडवली नव्हती. तिने ती पदराने पुसली आणि त्या हातावर ठेवली.

सोमवारी पहाटे तक्तपोशीत काहीही वाजलं नाही. आईने उजाडायच्या आत स्वयंपाकघराला चुना लावला. तो वाळेपर्यंत तिने घागर भरली, अण्णांना दाण्याचं कूट आणि तिखट कुठल्या डब्यात आहे ते दाखवलं आणि ट्रंक बांधली. शाळेत दुपारपर्यंत पोहोचायचं होतं. फाट्यावर एसटी आली तेव्हा अण्णांनी ट्रंक स्वतः टपावर चढवली, दोर स्वतः आवळला, आणि तो पुन्हा एकदा ओढून पाहिला. आई खिडकीशी बसली. तिच्या कानामागे चुन्याचा एक थेंब राहून गेला होता. कुणी सांगितलं नाही.

गाडी सुटताना तिने डोकं बाहेर काढलं.

"अहो, माळ्यावरच्या भिंतीला पाणी मारत जा. हलगर्जी केलीत तर तडकेल."

ज्यांची उभी हयात बांधकामाला पाणी मारून घेण्यात गेली होती, ते अण्णा शाळेतल्या मुलासारखे "मारीन" म्हणाले.

त्यानंतर ती दोघं एका घरात सलग अशी कधी राहिलीच नाहीत. भांडली नाहीत, दुरावलीही नाहीत. सुट्ट्यांत भेटत राहिली, एकमेकांसाठी निगुतीने चहा करणाऱ्या पाहुण्यांसारखी. आई साताऱ्याच्या त्या शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिला निरोप द्यायला इतक्या मुली आल्या होत्या की मंडपाची एक कनात सोडावी लागली. पहिल्या रांगेत अण्णा बसले होते आणि भाषणांत त्यांचं नाव कुठेही आलं नसताना मान डोलावत होते.

पण त्या सोमवारी आम्ही फाट्यावरून परत आलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. स्वयंपाकघर डोळ्यांत भरण्याइतकं पांढरं होतं आणि चूल विझलेली होती. मी चुलीपुढे बसून राहिले. वाटलं, आता काय बोलायचं या माणसाशी. अण्णांनी चप्पल काढली, शिडी ओढून झडपेखाली लावली आणि वर चढू लागले. अर्ध्यावर गेल्यावर त्यांनी मागे न पाहताच हात खाली केला.

मी उठले. बादलीतून तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला.